शाफ्ट घट्ट आहे? हातोडी बाजूला ठेवा!

जुन्या गाड्यांची रॅली निघाली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ही गर्दी होते. लहान मुलं बापाच्या खांद्यावर, आज्या गॅलरीत, कॉलेजची पोरं मोबाइल उंच धरून. सगळ्यांचे डोळे त्या चकाकणाऱ्या बॉनेटवर, गोल गोल दिव्यांवर आणि ‘पोंऽऽ’ करून ओरडणाऱ्या भोंग्यावर. रंग कुठून मारला, सीटचं लेदर खरं का खोटं, हीच चर्चा. पण मैत्रिणींनो, ही नव्वद वर्षांची म्हातारी चौकात वेळेवर थांबणार की नाही, हे ठरवणारी वस्तू बाहेरून दिसतच नाही. ती असते चालवणाऱ्याच्या पायाखाली. अंगठ्याएवढ्या जाडीची एक साधी पोलादी दांडी. तिचं नाव पायडल शाफ्ट.

‘बाई, आमच्या पुरवणीत हे काय काढलंत?’ असं म्हणून पान उलटू नका. या दांडीची गोष्ट आपल्या फार जवळची आहे. कशी, ते सांगते.

आताच्या गाड्यांत पायडलं वरून खाली लोंबतात. १९३० च्या आसपासच्या बऱ्याच गाड्यांत ती खालून वर यायची. पाय ठेवायच्या फळीला दोन फटी, त्यांतून वर आलेले दोन लोखंडी दांडे. डावा क्लचचा, त्याच्या शेजारचा ब्रेकचा. फळीच्या खाली हे दोन्ही दांडे एकाच आडव्या शाफ्टवर बसवलेले. पाय दाबला की पायडल त्या शाफ्टभोवती थोडंसं फिरतं, पाय उचलला की स्प्रिंगनं परत जागेवर येतं. एवढंच काम. पण दिवसातून शेकडो वेळा.

पायडलच्या तळाशी जे गोल भोक असतं, त्यात ब्राँझ धातूची एक जाड बांगडी ठोकून बसवतात. तिला म्हणतात बुश. झीज व्हायची ती या बुशाची व्हावी, शाफ्ट आणि पायडल शाबूत राहावेत, ही त्यामागची युक्ती. म्हणजे इथे दोन जोड आहेत. बुश पायडलमध्ये घट्ट बसलं पाहिजे, तसूभरही हलता कामा नये. आणि त्याच बुशात शाफ्ट मात्र मोकळा पाहिजे. आपलं जातं आठवा. मधली खीळ खालच्या दगडात घट्ट रुतलेली असते आणि वरचा दगड तिच्याभोवती अलगद फिरतो. खीळ हलली तर पीठ जाडंभरडं, वरचा दगड अडकला तर हात मोडला! एक जोड पक्का, दुसरा सैल. सगळी गंमत या सैलमध्ये आहे. किती सैल? तर पायडल डावीउजवीकडे डुगडुगणार नाही इतपत घट्ट आणि सोडल्यावर आपसूक फिरेल इतपत मोकळा.

एका फोर्डची गोष्ट

हे सगळं मला कळलं ते आमच्या कोल्हापुरात, २०२३ च्या डिसेंबरात. ओळखीच्या एका काकींच्या घरी, वाड्याच्या मागच्या पडवीत एक फोर्ड गाडी वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून होती. फोर्डचं ‘ए’ मॉडेल, १९३० सालचं. हेन्री फोर्डच्या कंपनीनं १९२७ पासून पुढच्या चारेक वर्षांत या मॉडेलच्या अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास गाड्या बनवल्या. चार सिलिंडर, चाळीस हॉर्सपॉवर, तीन गिअर. फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीनं १९२६ मध्ये हिंदुस्थानात आपली शाखा काढली होती. आपल्याकडे स्टिअरिंग उजव्या हाताला लागतं, तशा गाड्या कॅनडातून इकडे यायच्या. संस्थानिक, जमीनदार, डॉक्टर, वकील अशांच्या दारात त्या दिसायच्या. काकींच्या सासऱ्यांनी ही गाडी कुणा इनामदाराकडून जुनीच घेतली होती.

काकी १९६८ मध्ये लग्न होऊन या घरात आल्या. पुढची दहा वर्षं त्या या गाडीत नवऱ्याच्या शेजारी बसून जोतिबाला गेल्या, पन्हाळ्याला गेल्या, माहेरी गेल्या. १९७८ मध्ये गाडी जी पडवीत गेली, ती बाहेर आलीच नाही. काका गेले. मुलगा पुण्याला स्थायिक झाला. आणि आता पन्नाशीत आल्यावर त्याला वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची हौस आली. दोन वर्षं काम चाललं. इंजिन उघडलं, बॉडीचा पत्रा बदलला, रंग झाला. शेवटी राहिलं ते हे पायडलांचं काम. आणि पुढच्या रविवारी रॅली!

नवीन शाफ्ट शिवाजी उद्यमनगरातून करून आणला होता. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांचा वारसा सांगणारं हे आमचं गाव. जगातला कुठलाही पार्ट दाखवा, उद्यमनगरात तसाच करून मिळतो असं इथले लोक छातीठोकपणे सांगतात. तो शाफ्ट घेऊन आली होती एक मुलगी. आयटीआयला दोन वर्षांचा फिटरचा कोर्स केलेली, आता एका वर्कशॉपमध्ये कामाला. आमच्या मंडळातर्फे आम्ही मुलींचे आयटीआयचे फॉर्म भरून देतो, तेव्हापासूनची माझी तिची ओळख. तिच्याबरोबर मीही सहज गेले होते.

शाफ्ट ब्रेकच्या पायडलमध्ये अर्ध्यापर्यंत गेला आणि अडकला. क्लचच्या पायडलमध्ये तर तोंडही घालेना. काकींचा मुलगा घड्याळाकडे बघत म्हणाला, ‘‘मेस्त्री, ठोका की! एकदा गेला की बसेल आपोआप.’’ मेस्त्रींच्या हाताखालच्या पोरानं दोन किलोची हातोडी उचललीसुद्धा.

‘‘थांबा, ठोकू नगा,’’ ती मुलगी म्हणाली. ‘‘घट्ट का आहे ते तर बघूया की आधी.’’

दोन-चार, दोन-सहा

मला त्या क्षणी आठवला आमचा कासार. लग्नसराईत बायकांच्या गराड्यात मांडी घालून बसलेला. हात बघितला की माप सांगणार, ‘दोन-चार’ किंवा ‘दोन-सहा’. हे माप म्हणजे बांगडीच्या आतल्या गोलाचा व्यास. दोन इंच आणि वर सोळाव्या भागातले चार किंवा सहा. अडाणी म्हणवणारी आजीसुद्धा इंचाच्या सोळाव्या भागात बोलत होती आणि तिला कुणी इंजिनीअर म्हटलं नाही! बरं, बांगडी चढेना, तर कासार जोर लावतो का? लावला तर काच मनगटात. तो आधी हात चाचपतो. अंगठ्याच्या मुळाशी अडते आहे का? हात सुजलाय का? साबणाचं पाणी लावून भागेल का? नाहीतर सरळ पुढचं माप काढतो. घट्ट बसण्याची कारणं वेगवेगळी, म्हणून उपायही वेगवेगळे.

फिटरचंही अगदी हेच. फक्त त्याचं माप सोळाव्या भागाचं नाही, हजाराव्या भागाचं. इंचाचे हजार भाग करा, त्यातल्या एका भागाला वर्कशॉपमधली माणसं ‘थाऊ’ म्हणतात. आपल्या डोक्याचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो. अशा शाफ्टभोवती बुशात जागा ठेवायची ती एक ते दोन थाऊ. केसापेक्षाही कमी! ग्रीसचा पातळ थर तेवढ्यात मावतो.

मुलीनं पिशवीतून मायक्रोमीटर काढला आणि शाफ्ट तीन ठिकाणी, आडवा-उभा मोजला. मग काकींच्या दिवाणखान्यातल्या टीपॉयवरचं क्रोशाचं रुमालवजा कापड बाजूला करून शाफ्ट काचेवर लोळवला. काकी बघतच राहिल्या. शाफ्ट वाकडा असता तर काच आणि शाफ्ट यांच्यामध्ये उजेडाची फट उघडमीट करताना दिसली असती. दिसली नाही. म्हणजे शाफ्ट सरळ आणि मापात. दोष शाफ्टचा नव्हता. मग राहिली पायडलं.

आता तिनं टी आकाराच्या गेजनं बुशांचं आतलं माप घेतलं. ब्रेकच्या पायडलचं बुश हवं त्यापेक्षा दोन थाऊ लहान, क्लचचं चांगलं पाच थाऊ लहान. ‘‘पण बुश तर बसवायच्या आधी बरोबर होतं. मी स्वतः शाफ्ट घालून बघितला होता,’’ मेस्त्री म्हणाले. ते खरंच बोलत होते. बुश पायडलच्या भोकात दाबून बसवलं की बाहेरून चेपलं जातं आणि त्याचं आतलं भोक आवळतं. घट्ट बाहीत दंड आवळतो तसं. म्हणून बुश बसवल्यावर ते आतून पुन्हा तासून मापात आणावं लागतं. नवीन बुश आणि जुनाच शाफ्ट असला तरी हे चुकत नाही.

हे झालं दोन थाऊचं. क्लचच्या पायडलला पाच का? तिनं पायडल उजेडात धरलं आणि बुशाच्या कडेला काळी चकाकणारी रेघ दाखवली. रंगवाल्यानं पायडलांना छान पावडर कोटिंग केलं होतं. ब्रेकच्या पायडलचं भोक रंगाआधी बंद केलं होतं. क्लचच्या पायडलचं राहून गेलं. पावडर कोटिंगचा थर साधारण साठ ते ऐंशी मायक्रॉन, म्हणजे अडीच-तीन थाऊ असतो. गोल भोकात तो दोन्ही बाजूंनी बसतो, म्हणजे भोक पाच-सहा थाऊनं लहान. त्यात बुश दाबलं, म्हणजे ते तेवढं जास्त आवळलं. पाहुण्यांसाठी घर रंगवलं की दारं चौकटीत अडकतात, अनुभव असेलच! गाड्या नव्यानं उभ्या करताना हा रंग फार ठिकाणी आडवा येतो.

फ्रीजरमध्ये शाफ्ट?

काकींच्या मुलानं तोवर मोबाइलवर शोध घेतला होता. ‘‘शाफ्ट डीप फ्रीजरमध्ये ठेवायचा म्हणे. गार झाला की आकसतो. आई, फ्रीजरमध्ये जागा आहे का?’’

काकी उठल्याच होत्या. मटारची पिशवी कुठे हलवायची याचा हिशोबही त्यांनी केला असेल. मुलगी हसली. तिनं मेस्त्रींच्या खडूनं फरशीवर आकडे मांडले. पाऊण इंच जाडीचा पोलादी शाफ्ट खोलीतल्या तापमानातून फ्रीजरमध्ये नेला तर आकसून आकसून अर्ध्या थाऊपेक्षाही कमी आकसणार. इथे अडचण दोन आणि पाच थाऊंची. ‘‘आणि समजा गेलाच आत,’’ ती म्हणाली, ‘‘तरी गरम झाल्यावर परत फुगणार की! जे कायमचं एका जागी बसायचं, त्याला गार-गरम करून बसवायचं असतंय. जे फिरायचं आहे, त्याला न्हाई.’’

मला हे वाक्य फार पटलं. हातोडीचंही तेच. ठोकल्यावर शाफ्ट आत जातो, नाही असं नाही. पण जाताना बुशाच्या मऊ ब्राँझला ओरखडे पाडत जातो. शाफ्टचं ठोकलेलं टोक छत्रीसारखं फुलतं, मग तो पुन्हा बाहेर काढतानाही फाडत येतो. आणि आत गेलेला शाफ्ट बाहेरून अगदी छान बसलेला दिसतो. फसगत आहे ती इथेच.

कारण मग रस्त्यावर काय होतं? या फोर्डचे ब्रेक आजच्यासारखे तेलाच्या दाबावर चालत नाहीत. पायडलपासून चारही चाकांपर्यंत लोखंडी सळया जातात. तुमच्या पायाचा जोर, तोच ब्रेकचा जोर. पायडल शाफ्टवर जड फिरत असेल तर पायाचा अर्धा जोर तिथेच वाया जातो. त्याहून वाईट म्हणजे पाय उचलल्यावर पायडल पूर्ण वर येत नाही. ब्रेक थोडा लागलेलाच राहतो, चाकाचा ड्रम तापत जातो आणि तापलेल्या ब्रेकची पकड घटते. मागे लाल दिवा लागलेलाच राहतो, तेव्हा मागच्या गाडीवाल्याला तुम्ही थांबताय की चालताय ते कळत नाही. क्लचचं पायडल वर आलं नाही, तर प्लेट घसरत राहते आणि बेअरिंग विनाकारण झिजतं. पन्हाळ्याचा घाट उतरताना यातलं एकही झालेलं परवडणारं नाही.

काकींना कुणी विचारलंच नव्हतं

हे ऐकता ऐकता काकी एकदम म्हणाल्या, ‘‘अगं, आमचं पायडल असंच राहायचं की खाली!’’

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. काकी सांगू लागल्या. ‘‘ह्यांनी एकदा कुठंतरी पायडलचं काम करून आणलं. त्यानंतर ब्रेक दाबला की वरच येईना. हे बुटाच्या टोकानं पायडल वर ओढायचे. घाटात एकदा चाकातनं वास आला करपल्याचा. मी म्हटलं, हे काहीतरी चुकलंय. तर म्हणाले, गाडी म्हातारी झाली, चालायचंच. ग्रीस मारायचे ते तर सगळं बाहेरच यायचं, माझ्या पातळाला डाग पडायचे. शेवटी भ्यायले आणि लावून टाकली गाडी.’’

जुना शाफ्ट अजून टोपलीत होता. मुलीनं तो उचलला. एक टोक ठोकून ठोकून फुललेलं. ब्रेकचं पायडल जिथे फिरायचं तिथे खोल ओरखडे, आणि तो भाग करपल्यासारखा कोरडा. मग काढून टाकलेलं जुनं बुश बघितलं. ग्रीस आत जायला बुशाला एक छोटं भोक लागतं आणि ते पायडलच्या ग्रीसच्या भोकासमोरच यावं लागतं. या बुशाला भोकच नव्हतं! बाहेरून कितीही ग्रीस मारा, ते शाफ्टपर्यंत पोचणारच नाही. कोरडा शाफ्ट, तोही ठोकून बसवलेला.

म्हणजे गाडी म्हातारी झालीच नव्हती. तिला पंचेचाळीस वर्षं पडवीत बसवलं ते एका आंधळ्या बुशानं आणि एका हातोडीनं. आणि ते ओळखायच्या सगळ्या खुणा शेजारच्या सीटवर बसणाऱ्या बाईला ठाऊक होत्या. करपल्याचा वास, वर न येणारं पायडल, बाहेर येणारं ग्रीस. दोन वर्षं काम चाललं, इतकी माणसं येऊन गेली, काकींनी प्रत्येकाला चहा दिला. पण ‘गाडी बंद का पडली होती?’ हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही.

काकी काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘त्यांना वाटायचं त्यांचाच हात गेला आता गाडीवरचा.’’

दुपारभराचं काम

पुढचं काम दुपारभर चाललं. क्लचच्या पायडलचं बुश प्रेसवर दाबून बाहेर काढलं. भोकातला रंग रसायन लावून आणि घासून पूर्ण साफ केला. नवं बुश घातलं ते आधी ग्रीसचं भोक समोरासमोर धरून. ब्रेकच्या नव्या बुशातही भोक बरोबर आलंय ना, ते बारीक तार घालून बघितलं. मग रीमर. रीमर म्हणजे कडेनं उभ्या धारा असलेली दांडी, भोक आतून तासणारी. मुलीनं तो मापाला लावला आणि दोन्ही हातांनी सावकाश फिरवत आत नेला. एकाच दिशेनं. रीमर उलटा फिरवायचा नसतो, बाहेर काढतानाही नाही. धार जाते आणि भोकात चरे पडतात. एका वेळी अगदी थोडं तासायचं, भुसा पुसायचा, शाफ्ट घालून बघायचा, पुन्हा थोडं. घाई केली आणि एक थाऊ जास्त गेला, तर ते परत भरता येत नाही. मग नवं बुश, पहिल्यापासून. मीठ घालताना आपण घालतो तसंच. कमी पडलं तर वरून घालता येतं, जास्त झालं की संपलं!

शेवटी कुठे अडतंय ते बघायला तिनं शाफ्टला निळ्या शाईचा पातळ हात दिला, आत घालून फिरवला आणि बाहेर काढला. जिथे शाई घासून गेली तिथे अजून टेकत होतं. तेवढंच हलकं घासलं. मग शाफ्ट, बुश सगळं रॉकेलनं धुऊन, पुसून, ग्रीस लावून जोडलं. स्प्रिंग न लावता तिनं पायडल वर उचललं आणि सोडलं. ते आपल्याच वजनानं अलगद खाली आलं. मग पायडल धरून डावीउजवीकडे हलवलं. ढिम्म. ‘‘झालं,’’ ती म्हणाली. मेस्त्रींनी स्वतः दोनदा उचलून सोडून बघितलं आणि हाताखालच्या पोराला म्हणाले, ‘‘बघितलास? शीक.’’

रविवारची रॅली हुकली. सळया जोडून, क्लचला पाऊण-एक इंच मोकळी चाल ठेवून, ब्रेक चारही चाकांना सारखे लावून घ्यायला आणखी आठवडा गेला. काकींचा मुलगा थोडा खट्टू झाला. काकी नाही झाल्या. ‘‘पंचेचाळीस वर्षं थांबलीय ती, एका रविवारनं काय होतंय,’’ म्हणाल्या.

ब्रेक आणि बायका

‘पोरगी शाफ्ट बसवणार?’ असं त्या दिवशी बघायला जमलेल्यांतलं कुणीतरी कुजबुजलं होतं. त्यांना बर्था बेंझची गोष्ट सांगायला हवी. जर्मनीत कार्ल बेंझनं मोटार बनवली, पण ती लांब पल्ल्याला धावू शकते हे लोकांना पटेना. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या बायकोनं, बर्थानं, त्याला न सांगता गाडी काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला आपल्या माहेरी गेली. शंभर किलोमीटरच्या वर! वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. आणि उतारावर गाडीचे लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांना चामड्याचे पट्टे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावण्याची कल्पना ती हीच. घाटात ब्रेकचं काहीतरी चुकतंय हे शेजारी बसून ओळखणाऱ्या काकी आणि ही बर्था, दोघींच्या मध्ये ऐंशी-नव्वद वर्षं आहेत. फरक इतकाच, की बर्थानं कुणी विचारायची वाट बघितली नाही.

दुसरी एक डोरोथी पुलिंजर. १९२० च्या दशकात स्कॉटलंडमधल्या टंगलंडच्या कारखान्यात ‘गॅलोवे’ नावाची गाडी तयार व्हायची. डोरोथी तिथली मॅनेजर आणि तिच्या हाताखाली शिकणाऱ्या कितीतरी मुली. याच डोरोथीनं १९१४ मध्ये ब्रिटनमधल्या मोटार इंजिनीअरांच्या संस्थेकडे सभासदत्वाचा अर्ज केला, तेव्हा आमच्या नियमातली ‘व्यक्ती’ म्हणजे पुरुष, असं सांगून तो नाकारला गेला होता. पुढे त्याच संस्थेनं तिला सभासद करून घेतलं. आमच्या त्या फिटर मुलीला आज कुणी अर्ज नाकारत नाही. तरी तिच्या हातात मायक्रोमीटर दिसला की गिऱ्हाईक विचारतं, ‘‘मेस्त्री कुठायत?’’ तिला त्याची सवय झालीय. मला अजून झालेली नाही.

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर...

हल्ली वडिलांच्या, आजोबांच्या गाड्या बाहेर काढायची हौस वाढली आहे. सरकारनंही २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देणारे नियम केले. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षांची असते, आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. मूळ चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठे बदल केलेले चालत नाहीत. बुश आणि शाफ्ट बदलणं ही मात्र साधी देखभाल आहे. ती लांबवू नका.

काम चालू असेल तिथे खुर्ची टाकून बसा आणि बिनधास्त विचारा. शाफ्ट तीन ठिकाणी मोजला का? तो सरळ आहे का? जुनी गाडी इंचात आहे, नवा पार्ट मिलिमीटरमध्ये तर केला नाही ना? पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, एकोणीसही नाही आणि वीसही नाही. रंगाआधी भोकं बंद केली होती का? बुश बसवल्यावर आतून तासलं का? ग्रीसचं भोक समोरासमोर आहे का? स्प्रिंगशिवाय पायडल आपल्या वजनानं पडतं का? या प्रश्नांना ‘हो’ आणि ‘नाही’ अशी सरळ उत्तरं असतात. ‘बसेल हळूहळू’ हे उत्तर नाही. आणि कुणी हातोडी उचललीच, तर चहाचा कप पुढे करा, म्हणजे हात मोकळा राहणार नाही!

आणि मेस्त्रींना एक प्रश्न तुमच्याकडून सुचवा, जो त्यांनी सगळ्यात आधी विचारायला हवा. ही गाडी चालत होती तेव्हा शेजारच्या सीटवर कोण बसायचं? ती बाई घरात असेल, तर पाना हातात घ्यायच्या आधी तिच्याशी अर्धा तास बोला.